अर्नाळ्याचा कोंबडा

आमच्या सासरी माणूस एकट्याने फक्त एकाच ठिकाणी जातो, आणि तिथेही पोचवायला चाळीस जण येतात.

बाकी कुठेही जायचं ते जथ्याने. ‘सहल’ म्हटलं की टेम्पो ठरतो, पुऱ्या तळल्या जातात आणि घाटाच्या आधीच उलटी करणारा एक भाचा पुढच्या सीटवर बसवला जातो. (तो आता इंजिनीअर झाला. उलटी सोडलेली नाही.) शिवाय ज्या गावाला जाल तिथे आपलं माणूस असतंच. कोकणातून आलेलं आमचं घराणं सरकत सरकत विरारपासून बदलापूरपर्यंत पसरलंय. बदलापूरला गेलात आणि बदलापूरच्या मावशींकडे चहा न पिता परत आलात, तर पुढच्या तीन लग्नांत तो विषय निघतो. त्यात पुन्हा ‘जातेच आहेस तर’ हे तीन शब्द! जातेच आहेस तर हा डबा दे. जातेच आहेस तर ती साडी आण. अशी जाणारी बाई प्रवासी राहत नाही, टपालखातं होते.

मी मुळात न बोलणारी बाई. त्यातून अपराधी वाटून घ्यायची मला भारी हौस. लिफ्टमध्ये दुसरं कुणी शिंकलं तरी ‘सॉरी’ मीच म्हणते. अशा बाईने दीड वर्ष, दर बुधवारी, नवरा आणि सासू या दोघांच्या तोंडावर खोटं बोलावं, हे मला स्वतःलाही पटत नाही. पण बोलले. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा सांगून टाकते.

अंधेरीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काउंटरवर असते. लॅब रविवारी चालू, म्हणून मला सुट्टी बुधवारी. एकदा जेवताना मी म्हटलं, “आता बुधवारचंही जावं लागणार.” झालं. कुणी ‘का’ म्हणून विचारलंसुद्धा नाही. (हे मला थोडं लागलंच.) तेव्हापासून दर बुधवारी मी गळ्यात आयकार्ड घालून, डबा घेऊन घराबाहेर पडायचे, कांदिवली स्टेशनला अंधेरीऐवजी विरारच्या बाजूचा प्लॅटफॉर्म गाठायचे आणि आयकार्ड पर्समध्ये टाकायचे. सकाळी त्या दिशेला खिडकी मिळते. खिडकीत बसलं की मी कुणाचीच कुणी नसायचे.

ठिकाणं निवडायची माझी एकच अट होती: तिथे नातेवाईक नकोत. अशी गावं शोधणं म्हणजे तांदळातले खडे नव्हे, खड्यांतले तांदूळ वेचणं! तरी केळवं सापडलं, मनोरी सापडली, वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं सापडली. तिथे जाऊन मी काय करायचे? काहीही नाही. बसायचे. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट असतं. अर्धं तिकीट म्हणजे गुन्हाही अर्धाच, अशी मनाची समजूत घालायचे. धोक्याची जागा एकच, विरार. तिथे गाडी सोडून एस.टी. धरायची, आणि तिथेच माझ्या नणंदबाई, वासंतीवन्सं, राहतात. त्यामुळे विरार स्टेशन ते एस.टी. स्टँड एवढं अंतर मी ओढणी डोळ्यांपर्यंत गुंडाळून दरोडेखोरासारखी कापायचे.

त्या बुधवारी पहिल्यांदाच अर्नाळ्याला गेले. किनाऱ्यावरून समोर बेटावरचा किल्ला दिसतो. गुडघाभर पाण्यातून चालत जायचं, बोटीत चढायचं आणि पलीकडे उतरायचं. मी चढून बसले होते, वारा खात होते, आयुष्यात प्रथमच आपण कुणीतरी धाडसी बाई आहोत असं वाटत होतं, तेवढ्यात मागून अजून एक बाई आली. नऊवारी वर खोचलेली, डोक्यावर क्रिकेटची टोपी, दिलीपचे (म्हणजे माझ्या नवऱ्याचे) जुने बूट लेस बांधून गळ्यात लटकवलेले. नावाड्याने पुढे केलेला हात झिडकारून ती एका ढांगेत आत आली.

माझ्या सासूबाई! ज्यांना घरी सोफ्यावरून उठवायला दोन माणसं लागतात त्या! ज्या दर बुधवारी ‘बोरिवलीच्या भजनी मंडळात’ असतात त्या!

“आई?”

“शुभा?”

“तुम्ही इथे?”

“मी भजनाक इलंय.” सासूबाई मालवणच्या, पन्नास वर्षं कांदिवलीत काढली तरी बोली तीच.

“बोटीत?”

“आणि तू ऑफिसात मा?”

“हो.”

“बोटीत?”

नावाड्याने विचारलं, “आजी, ह्या तुमच्यासोबत?”

“ह्या बाईची माझी वळख नाय,” सासूबाई म्हणाल्या आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

बेटावर उतरल्यावर तर कहरच झाला. जाळी विणणाऱ्या बायका हाका मारायला लागल्या. “मावशी, आज उशीर?” “मावशी, चहा टाकू?” किल्ल्याच्या दरवाजाजवळ एका झाडाखाली त्यांची ठरलेली जागा होती. मी जाऊन शेजारी बसले.

“गुडघा कसा आहे?” मी विचारलं.

“गुडघो घराक दुखता. हय दुखणा नाय.”

“असं कसं?”

“घराक दिवसभर काय? आई, हळू. आई, थांबा. आई, बसा. हय कोण माका थांब म्हणणा नाय.” मग चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, “पंच्याहत्तर पुरी झाली तेव्हा सरकारान एस.टी. फुकट केल्यान. घरातल्यांनी काय दिल्यानी? शाल!”

ती शाल मीच पसंत केली होती. अपराधी वाटायला मला निमित्त लागत नाही, इथे तर चांगलं भरजरी मिळालं.

“आणि तू गो? तू कित्या पळतंस?”

“मी...” म्हटलं, “मलाही कुणी थांब म्हणू नये, म्हणूनच.”

त्या हसल्या. मी हसले. आता एक हृदयस्पर्शी क्षण येणार असं मला वाटत होतं, एवढ्यात त्या म्हणाल्या, “ता ठीक. पण अर्नाळा माझा. तू दुसरा बघ.”

“आई, किल्ला काय तुमच्या नावावर आहे का?”

“पयली कोण इली?”

वाद पेटणार तोच माझा फोन वाजला. दिलीप!

“अगं, कुठे आहेस?”

“कुठे म्हणजे? कामावर.”

नेमका त्याच क्षणी तटाच्या भिंतीवर बसलेला एक तांबडा, धिप्पाड कोंबडा छाती फुगवून ओरडला. कांदिवलीपर्यंत थेट ऐकू जावं असा आवाज! फोनची गरजच नव्हती.

“हे काय?”

“पेशंट... पेशंटचा रिंगटोन.”

“बरं, ऐक. मी लवकर घरी आलोय, चावी विसरलो. वासंतीताई पण आलीय, ओले काजू घेऊन. दोघंही जिन्यात बसलोय. आई फोन उचलत नाहीये. थांब, तिला परत लावतो.”

म्हणजे ज्या वन्संना चुकवायला मी विरारात तोंड झाकून हिंडले, त्या नेमक्या तेव्हा माझ्याच दारात बसल्या होत्या!

मी हातवारे करून सासूबाईंना सावध करतेय तोवर त्यांच्या पिशवीत फोन वाजलाच. त्यांनी तो नेहमीसारखा स्पीकरवर टाकून कानाला लावला. “हॅलो! भजनात आसंय रे! आयकाक येणा नाय!” आणि खात्री पटावी म्हणून टाळ्या वाजवत मोठ्याने ‘विठ्ठल विठ्ठल’ सुरू केलं.

आता सांगायला लाज वाटते, पण सून म्हणून माझंही काही कर्तव्य होतं. मी डबा उलटा केला आणि ठेका धरला. किनाऱ्यावरच्या बायकाही सुरात सूर मिसळू लागल्या. भजन असं काही रंगलं की बोरिवलीच्या खऱ्या मंडळाने येऊन शिकावं! आणि ऐन रंगात, अगदी समेवर, कोंबड्याने दुसऱ्यांदा बांग दिली.

मी डब्यावरचा हात उचलला.

“आई,” दिलीप म्हणाला.

“काय रे?”

“शुभाच्या पेशंटला फोन दे.”

लगोलग परतीचा प्रवास सुरू झाला. बोट, एस.टी., गाडी, रिक्षा. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: माझा बुधवार गेला. आता एक तर बुधवारी घरी बसायचं, नाहीतर ‘एकटी कशाला, आम्ही येतो ना’ म्हणून सगळ्यांनी टेम्पोत चढायचं. दोन्हीचा अर्थ तोच.

लिफ्टचं दार उघडल्याबरोबर सासूबाई लंगडायला लागल्या. जिन्यात दिलीप आणि वासंतीवन्सं शेजाऱ्यांकडचा चहा पीत बसले होते. दोघांची नजर आधी आमच्या पायांवरच्या वाळूवर गेली आणि मग सासूबाईंच्या गळ्यातल्या बुटांवर.

“आई, हे माझे बूट आहेत,” दिलीप म्हणाला. (इतकं सगळं घडून गेल्यावर माणसाला सुचावं काय, तर बूट!)

आत गेल्यावर कोर्ट भरलं. सासूबाईंनी डोळे मिटले आणि हुकमाचं पान टाकलं. “नवस होतो.”

“कसला?”

“सांगूचो नसता.”

काय पण बाई! एका वाक्यात खटला निकालात! दिलीपचा चेहरा उजळला. “अगं मग आधी नाही का सांगायचं! नवस आहे तर सगळे मिळून फेडू. या रविवारी टेम्पो करतो.”

“मी बदलापूरच्या मावशींना कळवते,” वन्संनी फोन काढला. “पुऱ्या माझ्याकडे लागल्या.”

सासूबाईंचं तोंड पडलं. मला ते दिसलं. सगळ्या घरात ते फक्त मलाच दिसलं. डोळ्यांपुढे ते झाड आलं, त्याखाली पसरलेली सतरंजी, त्यावर आमची सतरा माणसं, आणि बोटीच्या काठावर वाकलेला इंजिनीअर भाचा.

“नाही,” मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. या घरात इतक्या मोठ्याने मी फक्त ‘गॅस बंद करा’ एवढंच बोलले असेन.

“नवस वगैरे काही नाही. बुधवारी मला सुट्टी असते, ती कधी रद्द झालीच नाही. दीड वर्ष मी एकटी फिरतेय. गाडीने, एस.टी.ने, बोटीने. कुणाला भेटायला नाही, काही आणायला नाही. तिथे जाऊन मी नुसती बसते. मला ते फार आवडतं. खोटं बोलले, चुकलं माझं. पण पुढच्या बुधवारीही मी जाणार आहे!”

मला वाटलं, आता कुणीतरी रडणार. (मीच रडेन, असं वाटत होतं.)

“एकटी?” दिलीपने विचारलं.

“एकटी.”

“आणि आई?”

“आईपण एकट्याच जातात.”

त्याने यावर बराच विचार केला. “म्हणजे तुम्ही दोघी... एकत्र एकट्या जाता?”

एवढ्यात वन्सं ताडकन उठल्या. म्हटलं, आला स्फोट! आणि आलाच. “ते राहू दे! विरारवरून जाता? माझ्या घरावरून? आणि वर येत नाही? दीड वर्ष?”

आमच्या घरात खोटं बोलणं चालून जातं, वळसा घालून जाणं चालत नाही!

“तू घराक खय होतंस?” सासूबाई कडाडल्या. “तू तर हय जिन्यार बसलंस!”

कशालाही उत्तर म्हणून ते टिकणारं नव्हतं, पण आवाज इतका चढा होता की वन्सं खाली बसल्या आणि काजू सोलायला लागल्या. दिलीपने खिसे चाचपले, उगाच रिमोट इकडचा तिकडे ठेवला आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणाला, “बुधवारची मी चावी घेऊन जाईन मग.”

बस! एवढंच! दीड वर्ष ज्या परवानगीला मी घाबरून होते, ती या एका वाक्यात मिळाली. त्या रात्री मी मनातल्या मनात विजयी मिरवणूक काढली, ढोलताशांसकट.

पुढच्या बुधवारी आयकार्ड न घालता, दिवसाढवळ्या, सगळ्यांना सांगून निघाले. अर्नाळा सासूबाईंनी सोडला नाही, मीही सोडला नाही. बोटीत एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला टोपीवाल्या सासूबाई. नावाडी हसून म्हणाला, “आज तरी एकत्र ना?”

“नाही, एकटी!” दोघी एकदमच म्हणालो.

बोट सुटली. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की डबा माझ्याकडे आहे आणि पाण्याची बाटली त्यांच्याकडे. थोडा वेळ दोघींनी ताणून धरलं. मग त्या सरकत सरकत आल्या आणि परक्या माणसाला विचारावं तसं म्हणाल्या, “घेवा बाई, पाणी घेवा.” मीही डबा उघडून पुढे केला. “घ्या आजी, संकोच करू नका.”

तर असं हे माझं लढून मिळवलेलं एकटेपण: शेजारी सासू, डबा दोघींत एक, आणि पिशवीत तळाशी वासंतीवन्संना विरारला पोचवायच्या नारळाच्या वड्या. जातच होते तर!