पलंगाखालची राखीव बॅटरी

पुरुषोत्तम सबनिसांचा विश्वास दोनच गोष्टींवर होता: मायक्रोमीटर आणि बायको. त्यातही मायक्रोमीटर वर्षातून एकदा तपासून घ्यावा, असं ते म्हणत.

पिंपरीच्या एका इंजिनच्या कारखान्यात एकतीस वर्षं ते बाहेरून येणारा माल तपासत होते. पुरवठादाराचा माणूस जितका गोड बोले, तितकी त्यांची शंका वाढे. नापास खोक्यावर ते लाल खडूनं फुली मारत आणि खाली सही करत. एकदा सख्ख्या मेहुण्याचा माल त्यांनी असाच परत पाठवला. मेहुणा पुढची चार वर्षं भाऊबीजेला फिरकला नाही. निवृत्तीनंतर सबनीस मुलीकडे ख्राइस्टचर्चला आले, तेव्हा कपड्यांच्या घडीत खडूची डबीही आली.

जुनी मोटरहोम घ्यायची कल्पना अनुराधाबाईंची. गाडीतच ओटा, गाडीतच पलंग. तळ्याकाठी घडीची खुर्ची टाकून त्या विणत बसत आणि तासतासभर बोलत नसत. पण गेल्या हिवाळ्यात निदान झालं, की झोपेत त्यांचा श्वास मध्येच थांबतो. डॉक्टरांनी नाकाला मुखवटा लावायचं यंत्र दिलं. ते रात्रभर चालू हवं, एकही रात्र चुकवायची नाही. मग दोघं फक्त विजेची जोडणी असलेल्या कॅम्पात उतरू लागले. दोन्हीकडे गाड्या, समोर कपडे वाळत घातलेले.

"हे कोथरूडच झालं की हो," अनुराधाबाई म्हणत. त्यांना पुकाकी तळ्याकाठी राहायचं होतं. तिथे समोर बर्फाचा डोंगर होता, पण विजेचं बटण नव्हतं.

मुलगी सुखदा हॉस्पिटलात काम करणारी. तिनं स्पष्टच सांगितलं, "बाबा, गाडीत खात्रीची वीज करून घ्या, नाहीतर गाडी विकू. आईच्या श्वासावर प्रयोग नकोत. आधी इथे दारात, केबल न लावता, तीन रात्री यंत्र चालवून दाखवा. नाही जमलं तर रविवारी रंगिओरा गावातल्या त्या जोडप्याला फोन करते. त्यांना गाडी हवीच आहे."

तेव्हा ग्रॅहम आला. वाहनांच्या विजेची कामं करणारा, ऐन थंडीत अर्ध्या चड्डीतला, पुरुषोत्तमचं पहिल्याच मिनिटाला 'पुरु' करून टाकणारा. दोन लिथियमच्या बॅटऱ्या आणि एक इन्व्हर्टर-चार्जर बसवू, म्हणाला. केबल लावली की तो बॅटऱ्या भरेल, केबल काढली की बॅटरीतून घरातल्यासारखी वीज देईल. सबनिसांनी कागदावर अकरा प्रश्न काढले होते. ग्रॅहमनं उत्तरं दिली, आणि प्रत्येकाच्या शेवटी "नो वरीज, पुरु, स्वीट ॲज" म्हणाला, म्हणजे काळजी नको, सगळं झकास.

"ज्याला कसलीच काळजी नाही, त्याच्या हाती तारा द्यायच्या?" सबनीस घरात येऊन म्हणाले.

बॅटऱ्या आल्या तशा त्यांनी न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवल्या. गाडीतली जुनी अठ्ठावीस किलो, नवी बारा.

"म्हणे ताकद जास्त! आत काय भरलंय, हवा?"

"अहो, मला हवाच तर पाहिजे आहे," अनुराधाबाई म्हणाल्या.

त्यातून नवीला पाणी घालायची बुचंच नव्हती. पुण्यात जिन्याखाली इन्व्हर्टर होता, आणि दर एक तारखेला सबनीस त्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालत. जिला पाणी लागत नाही ती कसली बॅटरी?

काम आटोपून ग्रॅहम जुनी बॅटरी उचलायला वाकला.

"ती राहू दे," सबनीस म्हणाले.

"कशाला? तिचा एक कप्पा मेलाय, पुरु. काही कामाची नाही."

हुबेहूब पुरवठादाराची भाषा! आपला माल खपवायचा तर जुना नालायकच ठरवावा लागतो. सबनीस गालात हसले आणि ती राहिली.

दुसऱ्या दिवशी अनुराधाबाई बाजारात गेल्यावर त्यांनी जाड तारांनी जुनी बॅटरी नव्यांना जोडली आणि पलंगाखालच्या खणात, सुटकेसमागे, सरकवून ठेवली. वीज गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टर गेला तर मेणबत्ती, मेणबत्ती संपली तर समई, असं घर त्यांनी आयुष्यभर चालवलं होतं. बायकोच्या श्वासाला एक राखीव नको? ग्रॅहमला सांगायचा प्रश्नच नव्हता. अनुराधाबाईंनाही सांगितलं नाही.

त्या रात्री दोघं दारातल्या गाडीत झोपले. सकाळी बॅटरीच्या मीटरच्या पडद्यावर पंच्याहत्तरच्या आसपास टक्के उरतील, असं ग्रॅहमनं सांगितलं होतं. उरले होते एक्केचाळीस.

"बघितलंस? मी म्हणत नव्हतो?" सबनिसांच्या आवाजात विजय होता. तेवढ्यात त्यांचं लक्ष बायकोकडे गेलं. ती पुकाकीचा नकाशा गुपचूप घडी करत होती.

"घसा खवखवतोय जरा," ती इतकंच म्हणाली.

"त्याच्या स्वस्तातल्या प्लास्टिकचा वास असणार."

दिवसभर केबल लावून बॅटऱ्या भरल्या. दुसऱ्या सकाळी एकोणतीस टक्के. सुखदानं आकडा पाहिला आणि म्हणाली, "बाबा, आज तिसरी रात्र नको. आईला घरात झोपू दे. मी उद्या फोन करते."

सबनिसांनी दोन पानी तक्रार लिहिली आणि ग्रॅहमला बोलावलं. तो त्याच दिवशी, शनिवारी, दुपारी बाराला येतो म्हणाला. येण्याआधी पुरावा पक्का असावा म्हणून सबनीस गाडीत शिरले. केबल काढलेली. त्यांनी दिवे बंद केले, फ्रिज बंद केला, इन्व्हर्टर बंद केला. आता काहीच चालू नव्हतं. तरी पडदा सांगत होता, बारा अँपिअर कुठेतरी जात आहेत.

कुठे?

मग वास आला. सडक्या अंड्याचा. तो त्यांच्या ओळखीचा होता. एका मे महिन्यात जिन्याखालची बॅटरी उकळली होती तेव्हा तीन दिवस घरात हाच वास होता. पण नव्या बॅटऱ्यांत आम्ल नसतंच, हे त्यांच्याच चौथ्या प्रश्नाचं उत्तर होतं. त्यांनी दारं-खिडक्या उघडल्या आणि गादी उचलली. सुटकेसची मागची बाजू कोमट लागली. जुनी बॅटरी तापून कुशीला फुगली होती, बुचं ओली होती. मेलेला कप्पा पोटात घेऊन ती नव्यांची वीज अखंड पीत होती, आणि जे बाहेर टाकत होती ते वर जात होतं. वर अनुराधाबाईंची उशी होती.

दोन रात्री. घसा खवखवतोय जरा.

त्यांनी पाना घेऊन तारा सोडवल्या. पडद्यावरचा आकडा शून्यावर आला.

ग्रॅहमची गाडी कोपऱ्यावर वळत होती. जुनी बॅटरी शेडमध्ये नेऊन ठेवायला दोन मिनिटं पुरली असती. आपोआप ठीक झालं म्हणता आलं असतं, आणि वर खिशात तक्रार होतीच. सबनीस घरात गेले. बाहेर आले तेव्हा हातात खडू होता. अंगणात आणून ठेवलेल्या बॅटरीवर त्यांनी लाल फुली मारली आणि खाली सही केली.

ग्रॅहमनं बॅटरी पाहिली, तारा पाहिल्या. "ओह," तो म्हणाला.

"मी जोडली होती. कुणाला न सांगता. बायको हिच्या वर झोपत होती."

या खेपेला ग्रॅहम स्वीट ॲज म्हणाला नाही. वाकून त्यानं प्रत्येक जोड पुन्हा तपासला, आणि सबनिसांनी त्याच्यासाठी टॉर्च धरला.

दारातून अनुराधाबाई सगळं ऐकत होत्या. "तुमच्या त्या खडूपायी माझा भाऊ चार वर्षं आला नाही," त्या म्हणाल्या. "आज लागला बाई योग्य जागी."

सुखदा मात्र बापाचीच मुलगी. "फोन थांबवते. पण तीन रात्री पहिल्यापासून," तिनं बजावलं.

अठ्ठ्याहत्तर. सत्त्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर.

पुढच्या आठवड्यात उन्हं कलायच्या आत गाडी पुकाकीकाठी उभी राहिली. सबनीस खुर्ची उलगडायला लागले, तर बायको आत कमरेवर हात ठेवून उभी.

"गादी उचला."

"अगं, काही नाहीये तिथे."

"तुमच्या शब्दावर? उचला म्हणते ना."

त्यांनी गादी धरून ठेवली. अनुराधाबाई गुडघ्यावर बसल्या, टॉर्चनं खण कोपरानकोपरा पाहिला, सुटकेसमागे हात घालून चाचपला, वास घेतला. मग म्हणाल्या, "पास मालावर काय खूण करायचात हो तुम्ही?"

सबनिसांना आठवेना. मग लक्षात आलं, पास मालाला खूण नसे. तो नुसता आत जाई.

"मग ठेवा गादी," त्या म्हणाल्या, आणि यंत्र उशाशी मांडायला लागल्या.