रविवारचा ग्लॅडिएटर

आमच्या लेकीला मी ग्लॅडिएटरची गोष्ट सांगायला लागलो तो निव्वळ ट्रॅफिकमुळे. शुगर लँड या आमच्या उपनगरातून रविवारची मराठी शाळा गाठायची म्हणजे तासाभराचा ड्राइव्ह, आणि मागच्या सीटवर हिचं भोकाड. मग मी प्राचीन रोममधला एक गुलाम धरून आणला, त्याला आखाड्यात उतरवलं आणि मराठी बोलायला लावलं. शाळेत ती फारसं शिकली नाही. जे काही मराठी आलं ते या बिचाऱ्याच्या तोंडून.

त्याला एकच गोष्ट हवी होती, लाकडी तलवार. ती हातात दिली की गुलाम सुटला, अशी तिथली रीत. मी मात्र दर रविवारी काहीतरी खोडा घालायचो. कधी मालक शब्द फिरवायचा, कधी सिंह आडवा यायचा.

“सोड की रे त्याला आज तरी,” शेजारून बायको म्हणायची. “आणि पायात चपला दे. वाळू तापत असेल.”

सोडायला माझी ना नव्हती. पण जाणार कुठे? डोंगरापलीकडच्या आपल्या गावी, असं मी आधीच सांगून बसलो होतो. तिथली विहीर, आईच्या हातची ज्वारीची भाकरी (रोमन काळात ज्वारी कुठली, विचारू नका), सगळं रंगवून झालं होतं. पुढे माझी आई गेली, गावाकडचं घर आम्ही विकलं, आणि त्या गावाचं नाव काढायला जीभ रेटेना. ग्लॅडिएटर आखाड्यातच राहिला.

यंदा ऑगस्टमध्ये लेकीला कॉलेजला पोचवायला निघालो. उशा-पांघरुणांच्या ढिगातून ती म्हणाली, “बाबा, फ्री हिम. टुडे.”

“अगं, गावात आता कुणी नाही त्याचं.”

“सुटलेले काही जण परत फाइट करायला जायचे. वी रेड इट इन स्कूल. डोन्ट डू दॅट टू हिम, बाबा.”

मग दिली तलवार. आखाड्याचं दार उघडलं. तो बाहेर पडला.

“मग?”

“मग तुझं कॉलेज आलं.”

परतताना मागची सीट रिकामी. एसीचा तेवढा आवाज. बायको म्हणाली, “पोचला का रे तो गावी?”

“चालतोय अजून.”

“चपला?”

“दिल्या. नव्या कोऱ्या कोल्हापुरी.”

“नव्या चावतात रे,” खिडकीबाहेर बघत ती म्हणाली. “लांब जायचंय त्याला.”