नानांच्या वहीतला कोरा रकाना

नाना गेले हे त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, सगळ्यांत आधी माझ्या आबांना कळवलं. नानांचं घर शहरात, क्रांती चौकामागच्या गल्लीत, मी तिथून चालत दहा मिनिटांवर राहते, आणि मला बातमी आली ती गावाकडून, माझ्या म्हाताऱ्या वडिलांकडून. "सुमे, नाना गेले. तू जा, काकू एकट्याच हायेत," एवढंच आबा म्हणाले. काकूंनी आधी गावाकडं कळवलं, याचं त्या धावपळीत मला काही वाटलं नाही. नवल वाटलं ते नंतर.

माझं गाव सोयगाव ते पिशोर या डोंगरपट्ट्यात कुठंतरी आहे. यापेक्षा जास्त लिहीत नाही. का, ते पुढं येईलच. नाना पाटबंधारे खात्यात कारकून होते. तलावांच्या कामानिमित्त फिरायचे आणि फिरता फिरता जे दिसलं त्याची पुस्तकं लिहायचे. मी नववीत असताना ते आमच्या शाळेत आले. भाषण नाही, काही नाही. त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, "तुमच्या शेतात कोण कोण राहतं?" मी म्हटलं, आई, आबा, दोन बैल, एक म्हैस. "बस? नीट बघून ये. मी रविवारी तुमच्या शेतात येतो."

मी घरी येऊन आबांना विचारलं, तर ते मला वखरलेल्या रानात घेऊन गेले. मधोमध हातभर जागा सोडलेली. खड्यांमध्ये खड्यांसारखीच टिटवीची चार अंडी. आबा दरसाल वळसा घालून वखर हाकायचे, आणि मला चौदा वर्षांत पत्ता नव्हता! रविवारी नाना आले, ती सोडलेली जागा पाहिली आणि बांधावरच चपला काढून ठेवल्या. "आबा, मी नुसतं लिहितो हो. तुम्ही करता." आबा लाजले. "त्यात काय करायचंय? तिचं घर हाय, वळसा घालायचा." माझ्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बापापुढं कुणी शिकलेला माणूस चपला काढून उभा राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला. पुढं नानांनीच आबांना गळ घातली आणि मी शहरात कॉलेजला आले. आमच्या घरातली पहिली पदवीधर, ती अशी.

रविवारी मी त्यांच्याकडे जाई. दारावरच्या बेलच्या वायरला शिंजीर, फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी, घरटं बांधायचा, म्हणून बेल कायमची बंद. बाहेरून हाक मारायची. मी त्यांच्या वह्या उतरवून द्यायची. वहीत चार रकाने: दिनांक, पक्षी, जागा, सोबत. "सोबत"मध्ये नावं असत. गुराखी, पाटाचं पाणी सोडणारे पाटकरी, मजूरबाया, कितीदा तरी आबा. "जागा" मात्र प्रत्येक पानावर कोरी. मला वाटे, भरायची राहून जाते.

आमच्या शेतापलीकडं एक घळ आहे. तिथल्या कपारीत शृंगी घुबडाची जोडी अंडी घालायची. ती आबांनी नानांना दाखवली होती, आणि नानांचा सर्वांत गाजलेला लेख, गावाचं नाव न घेता लिहिलेला, त्या घळीवरच आहे. मी दुसऱ्या वर्षाला असताना एका वर्तमानपत्राच्या पुरवणीनं विद्यार्थ्यांकडून लेख मागवले. मी घुबडावर लिहिलं आणि घळीचा पत्ता घातला. गावाचं नाव, ओढ्याचं नाव, आमच्या शेताची खूण, सगळं. खरं सांगते, घुबडासाठी नाही, गावासाठी. आमच्या गावाचं नाव कधीच कुठं छापून आलं नव्हतं.

गावानं तो अंक पारावर मोठ्यानं वाचला. महिन्याभरात लोक घळीवर येऊ लागले. कुणी बघायला आले, कुणी अपशकुनी म्हणून दगड मारायला, आणि घुबडं धरून विकणारी एक टोळी पिशव्या घेऊन आली. आबांनी त्यांना काठी घेऊन हाकललं, पण तोवर अंडी गार पडली होती. मी सुट्टीत घरी गेले तेव्हा आबा म्हणाले, "गावाचं नाव लई झालं. घुबड गेलं."

मी नानांकडे जायचं बंद केलं. तिसऱ्या रविवारी तेच वसतिगृहाच्या फाटकाशी आले आणि मला घळीवर घेऊन गेले. रिकाम्या कपारीसमोर आम्ही दोघं तासभर बसलो. उठताना एवढंच म्हणाले, "चूक माझीपण आहे पोरी. रकाना कोरा ठेवायला शिकवलं, का ठेवायचा ते सांगितलं नाही." ओरडले असते तर मी विसरलेही असते...

नाना वारल्यावर महिन्याभरात शहरातल्या मंडळींनी स्मृतिसमिती केली. पहिल्याच बैठकीत ठरलं, नानांच्या वाढदिवसाला दोन बस करायच्या आणि "ती घळ" लोकांना दाखवायची. "मॅडम, तुम्हाला ठाऊक आहे ना जागा? तिथं फलक लावू. नानांची घळ!" समितीचे अध्यक्ष उत्साहात होते, आणि त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्या बैठकीत सांगितलं. पुरवणी, पत्ता, गार अंडी, सगळं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "मग लोकांना दाखवायचं काय?" कोपऱ्यातून काकू म्हणाल्या, "आमच्या दारात या की."

म्हणून वाढदिवसाला गल्लीतच सतरंज्या टाकल्या. हार नाही, माईक नाही. सकाळी तासभर नुसतं गप्प बसायचं आणि बघायचं. पन्नास-साठ माणसं होती. शिंजिराची मादी वायरवर आली, चोचीतला किडा पिल्लाला भरवून गेली, पुन्हा आली... साठ माणसं श्वास धरून! तास संपल्यावर गल्लीतले रिक्षावाले सलीमभाई माझ्याजवळ आले. "मॅडम, ये तो रोज मेरे आईने पे ठोंगे मारती. मैं भगा देता था." मग म्हणाले, "अब नै भगाऊंगा." नानांची कितीतरी पुस्तकं मी वाचून काढली, पण ती काय करतात हे मला त्या क्षणी दिसलं.

त्या दुपारी काकूंनी नानांची शेवटची वही माझ्या हातात ठेवली. गेल्या चार-पाच वर्षांच्या नोंदी, अक्षर कापरं. बाकीच्या वह्या मी उतरवून दिल्या होत्या, पण ही त्यांनी मला कधी दाखवली नव्हती. दर फाल्गुनात एक नोंद. पक्षी कुठला ते इथं लिहिणार नाही. "जागा" कोरी. "सोबत"च्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच नाव: आबा. नाना गेल्याचं काकूंनी आधी त्यांनाच का कळवलं, ते आता कळलं.

मी तिथूनच फोन लावला. "आबा, तुम्ही दरवर्षी नानांसोबत जात होता?"

"व्हय."

"कुठं?"

आबा बऱ्याच दिवसांनी हसले. "तुला सांगू? तू छापशील!"

मी पुन्हा विचारलं नाही. वहीत पुष्कळ पानं शिल्लक आहेत. काकू म्हणाल्या, तूच ने. त्या सकाळची नोंद मी केली आहे. पक्षी: शिंजीर. सोबत: काकू, सलीमभाई आणि गल्ली. जागेच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं. क्रांती चौकामागची गल्ली साऱ्या शहराला माहीत आहे, लिहायला हरकत नव्हती. पण तो मी कोराच ठेवला.