चहा संपेपर्यंतचं पाणी

दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्याची गोष्ट. सातपूरच्या एका कंपनीत मी सर्व्हर रूमच्या एसी प्लँटवर होते, सहा-सहा महिन्यांच्या करारावर. काचेआड कॉम्प्युटर थंड हवेत बसलेले असायचे आणि त्यांची सगळी उष्णता गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून बाहेर जायची. टॉवरमध्ये पाणी वरून खाली पडतं, काही वाफ होऊन उडतं, क्षार मात्र मागे राहतात. ते फार वाढले तर चिलरच्या, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या नळ्यांत पांढरा थर धरतो, म्हणून मधूनमधून थोडं पाणी सोडून द्यावं लागतं.

थोडं म्हणजे किती, हे तिथे एकालाही माहीत नव्हतं. शिफ्ट सुरू झाली की व्हॉल्व्ह उघडायचा, चहा घ्यायचा, चहा संपला की बंद करायचा. मलाही हेच शिकवलं. आणि आमचे चहा तर कसले! गप्पा रंगल्या की कप दुसऱ्यांदा भरायचे, व्हॉल्व्ह उघडाच.

मला ते बघवायचं नाही. टॉवरसाठी रोज तीन टँकर यायचे, आणि ते भरायचे आमच्या मळ्याला लागून असलेल्या विहिरीवर. ती विहीर आणि आमची, दोन्हींचा झरा एकच. शेजारची मोटार सुरू झाली की आमच्या विहिरीचा तळ दिसायचा. तिच्यावर आईचा झेंडू आणि मेथी. बाजारात टोपली घेऊन ती स्वतः बसायची. त्या वर्षी कळी धरायच्या आतच अर्ध्या झेंडूने मान टाकली.

"तुझ्या त्या मशिनीला लय तहान हाय गं," आई म्हणाली. "तिला सांग, आमी बी हाय म्हणावं."

हे मला फार झोंबलं.

दिंडोरीला मामाची द्राक्षबाग आहे. फवारणीचं पाणी तपासायला त्याच्याकडे पेनाएवढं क्षार मोजायचं मीटर होतं. ते मागून आणलं आणि टॉवरच्या पाण्यात बुडवलं. जे पाणी आम्ही रोज गटारात घालत होतो, ते टँकरच्या पाण्याहून जेमतेम खारट होतं. माझं डोकंच फिरलं. मीटरवरचा आकडा बराच चढल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, असं वहीत लिहिलं आणि बाकीच्या शिफ्टवाल्यांच्या हातातही मीटर दिलं. ते हसले, पण ऐकलं.

साहेबांनी बोलावून घेतलं. "नळ्या चोंदल्या, सर्व्हर बंद पडले, तर जबाबदार कोण?"

"मी."

"लेखी द्या."

तिथल्या तिथे दिलं. दीड महिन्याने माझा करार संपत होता आणि नळ्यांची सफाईही तेव्हाच होती. नळ्या खराब निघाल्या तर गेटबाहेर, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण सही मोठी केली.

दीड महिना रोज दोनच टँकर लागले. सफाईच्या दिवशी चिलरचं झाकण काढलं, तेव्हा माझी फजिती बघायला सगळे जमले होते. सर्वांत जुन्या ऑपरेटरने एका नळीत बोट फिरवलं आणि सगळ्यांसमोर धरलं. बोटाला नुसतं पाणी होतं.

"गेल्या वर्षी व्हती तशीच हाय," तो म्हणाला. "म्हंजी इतकी वर्षं आपण नुसता चहाच पीत व्हतो."

साहेबांनी शाबासकी दिली, करार वाढवला. आणि त्याच दमात सांगितलं, की वाचलेला तिसरा टँकर उद्यापासून गेटजवळच्या नव्या लॉनला द्यायचा, मुंबईचे पाहुणे येणार आहेत. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

दुसऱ्या दिवशी तिसरा टँकर आला. पावतीवर प्लँटची, म्हणजे माझी सही झाल्याशिवाय तो रिकामा करता येत नसे. नव्या कराराचा कागद अजून सहीशिवाय माझ्या पर्समध्येच होता. मी पावतीवर 'गरज नाही' एवढंच लिहिलं आणि परत दिली.

"ताई, भरल्याला हाय," ड्रायव्हर म्हणाला. "आता कुठं नेऊ?"

"भरलास त्या विहिरीच्या शेजारच्या मळ्यात. झेंडूच्या वाफ्यात सोड," मी म्हणाले. "तिथल्या बाईला सांग, मशिनीची तहान भागली."