चांदीच्या मातीतली फुलं

भट्टीपुढं बसणाऱ्या माणसाकडं किस्से आपोआप साठतात. हात कामात असतात, कान रिकामेच. संगमनेरला वसंतशेठच्या दुकानात मी चांदीकाम करायचो, तिथलेच हे. मोबाईल यायच्या आधीचे.

शेठचे मेव्हणे बोटीवर नोकरीला. त्यांनी जपानहून चांदीच्या मातीचं एक पाकीट आणलं. चांदीची बारीक पूड कालवलेली माती. ती पातळ करून खऱ्या फुलाला थरावर थर द्यायचे, वाळवायचं आणि भट्टीत घालायचं. फूल जळून जातं, चांदीचं फूल मागं राहतं.

दुकानासमोर सखूबाई फुलं विकायची. तिनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "शेठ, आमच्या लताचं लगीन हाय. अंबाड्यात खोवायला एक फूल पायजे."

"पाकीट केवढं मोठं आहे, सखूबाई. काळजी कशाला?"

*

पहिलं फूल शेठनी स्वतः केलं, मोगऱ्याचं. भट्टीतून निघालं ते खडूसारखं पांढरंफटक. शेठनी ते माझ्यापुढं धरलं. "आबा, चांदीची राख झाली."

मी तारांचा ब्रश घेतला आणि घासत बसलो. चहा येईपर्यंत फूल चमकायला लागलं.

शेठ म्हणाले, "मला माहीत होतं."

*

शिर्डीचे एक लॉजवाले समाधीवरचं फूल रुमालात बांधून घेऊन आले. शेठनी हात जोडले. "निर्माल्य भट्टीत कसं घालू? ते नदीत सोडतात."

लॉजवाल्यांनी विचार केला. "मग असं करा. दुसरं फूल जाळा आणि हे शेजारी ठेवा. बाबा समजून घेतात."

तसंच केलं.

*

एका पाटलीणबाईंनी जास्वंद दिली होती. भट्टीत माती थोडी आकसते. त्यांना ते पटेना.

"मी दिलेलं फूल कुठाय?"

"जळालं, बाई."

"मग ह्याच्या आत काय हाय?"

"काही नाही."

त्यांनी फूल कानाशी नेऊन हलवलं. "मग आतलं वजनात धरू नका."

*

पाकीट चपटं होत चाललं. सखूबाई समोरून बघायची. त्यातच शेठच्या व्याह्यांना शेवंती हवी झाली. शेवंतीच्या पाकळ्या त्या, माती पीतच राहिल्या. मेव्हण्यांच्या घरी फोन लावला तर कळलं, त्यांची बोट आता आफ्रिकेला जात होती. मी सखूबाईला सांगितलं.

"का, आफ्रिकेत माती न्हाई व्हय?"

एका फुलापुरती उरली होती. ती मी शेठसमोरच ओल्या फडक्यात गुंडाळली आणि माझ्या पेटीत ठेवली. शेठ पंख्याकडं बघत बसले.

*

हळदीच्या आदल्या दिवशी सखूबाई गुलाब घेऊन आली. गावठी, लहानसा. वरच्या पाकळीला किडीनं भोक पाडलेलं. घाईत उचलला असेल, असं मला वाटलं. भोक मातीनं बुजवलं, सावकाश थर दिले, भाजलं, घासलं. शेठ म्हणाले, "काचेच्या कपाटात ठेवण्यासारखं झालंय."

सखूबाईनं फूल फिरवून फिरवून बघितलं. "आबा, भोक कुठं गेलं?"

"बुजवलं. किडकं दिसत होतं."

"किडकंच आणलं हुतं मी. चांगली फुलं गिऱ्हाइकाला. टोपली आवरताना तळाला जे ऱ्हाईल, ते माझ्या पोरीनं माळलं. हे ती वळखायची न्हाई."

शेठ म्हणाले, "अहो, लग्नात कुणी किडकं फूल घालतं का?"

तिनं शेठकडं बघितलंच नाही. फूल माझ्यापुढं ठेवलं. "पाडा भोक."

मी बारीक कानस घेतली. हलक्या हातानं, होतं तेवढंच पाडलं.

लग्नाला मी गेलो होतो. अंबाडा घालून झाला, तेव्हा सखूबाईनं फूल आधी लताच्या हातात दिलं. लतानं ते उलटसुलट केलं. भोकावरनं नख फिरवलं. मग मान वर करून म्हणाली, "आये, समदी खपली व्हय आज?"