डोक्याला दिलेला करंट

तारापूरजवळच्या आमच्या कोळीवाड्यात तेव्हा वीज आली नव्हती, पण विजेवरचा विश्वास मात्र दांडगा होता. शेजारी अणुवीज केंद्र उभं राहत होतं. ते सुरू झालं की दमा जाईल, मासळी वाढेल, आळशी जावईसुद्धा कामाला लागतील, असं सांगणारे शहाणे रोज किनाऱ्यावर भेटत. त्या शहाण्यांचे मुकादम माझे काका.

बाबा तांडेल होते, म्हणजे होडीचे प्रमुख. काठावरची ताडाची रांग आणि मागची टेकडी एका रेषेत आली की जाळं कुठे टाकायचं, हे त्यांना कुणाला विचारावं लागत नसे. मग ते चुकू लागले. काका म्हणाले, "बांधकामात खुणा बदलल्या, त्याला भाऊ काय करनार?" बरं. पण जेवून उठल्यावर पुन्हा ताट मागणं, आईला "बाई, तुमी कोनाच्या?" असं विचारणं, यात कुठली टेकडी हलली होती? काकांना हे दिसत नव्हतं असं नाही. तांडेलकी गेली की घराचा मान गेला, आणि काकांकडे स्वतःचा असा मान काडीचाही नव्हता.

मी पालघरला शाळेत शिकवत होते. मीच बाबांना मुंबईच्या इस्पितळात नेलं. काका न बोलावता सोबत आले. बाबांच्या डोक्याला तारा चिकटवल्या आणि कागदावर वाकड्यातिकड्या रेघा उमटत गेल्या. डॉक्टरांनी समजावलं की मेंदूत स्वतःची बारीकशी वीज असते, हे यंत्र ती फक्त टिपतं. वयाबरोबर तिची लय थोडी मंदावतेच, पण यांची फारच मंदावली आहे. मेंदूही आक्रसत चालला असावा. औषध नाही. एकटं सोडू नका, आणि समुद्रावर तर मुळीच नको. काका मान डोलवत होते. नजर मात्र तारांवर.

घरी परतल्यावर त्यांनी पाय धुवायच्या आधी किनाऱ्यावर जाऊन जाहीर केलं, "मुंबईला डोक्याला करंट दिलाय. आता भाऊ पयल्यासारखा हाय." कोळीवाडा खूश! मी जीव तोडून सांगत होते, यंत्राने काही दिलेलं नाही, नुसतं पाहिलंय.

"तारा काय शोभेला लावल्या?" काका म्हणाले. बाकीचे खो खो हसले. इतक्या डोक्यांमध्ये मिळून एका डोक्याचीही अक्कल नव्हती.

नारळी पौर्णिमेनंतरची पहिली होडी आमच्याकडे तांडेलानेच न्यायची असते. आई बाबांचा हात घट्ट धरून ओटीवर बसली होती. काकांनी तिची बोटं सोडवली, बाबांना नवी टोपी घातली आणि सुकाणूपाशी नेऊन बसवलं. बाबा हसत होते. इतका संताप मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही.

होडी बाबांवाचून परत आली. खलाशी सांगत होते, खोल पाण्यात बाबा शांतपणे उठले, "घर आला," म्हणाले आणि ओटीवरून अंगणात उतरावं तसे खाली उतरले.

बाराव्याला काका पंक्तीत मधोमध बसले. पहिला घास गिळून शेजाऱ्याला म्हणाले, "करंट कमी परला. आनखी एकदा द्यायला पायजे होता."

आई वाढत होती. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं, काकांच्या पुढ्यातलं भरलेलं पान उचललं आणि दारातल्या कुत्र्यापुढे टाकलं.