टेलेक्सच्या केबिनमधले दोडप्पा

दोडप्पा गेल्याची बातमी मला टेलेक्सवरच आली. मुंबईच्या आमच्या ऑफिसात सकाळची कामं नुकती सुरू झाली होती. सुताच्या भावांचे कागद फाडून मी ट्रेमध्ये लावत होते, तेवढ्यात मशीन पुन्हा खडखडायला लागलं आणि कागदावर इंग्रजी अक्षरं एकेक करून उमटत गेली... दोडप्पा सकाळी वारले, लगेच ये, मल्लिनाथ. आमच्या लिंगायत घरांत वडिलांच्या थोरल्या भावाला दोडप्पा म्हणतात आणि मल्लिनाथ हा त्यांचा मुलगा. संदेश पोचला की पोच द्यायची, ही सवय ऑपरेटरच्या बोटांत इतकी मुरलेली असते की मी तिथल्या तिथे ‘मिळाला, ओके’ असं टाइप करून मोकळी झाले. कागद फाडला, ट्रेमध्ये ठेवला, आणि मग आपण काय लिहून पाठवलं ते लक्षात आलं. सोलापूरला पोचले तेव्हा मल्लिनाथने पहिली तक्रार हीच केली. “अगं, बाप गेला म्हणून कळवलं तर ओके म्हणतीस व्हय?” चुकून झालं, असं मी त्याला सांगितलं, आणि ते खरंच चुकून झालं होतं. मला रडू आलं नाही, ते मात्र चुकून नव्हतं.

आता महिना होत आला. परवा मल्लिनाथचा निरोप आला, की वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तू त्यांच्याविषयी काहीतरी लिही, तुला त्यांनीच तयार केलं की. हे वाक्य मी आजवर इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता त्याला उत्तर द्यायलाच हवं. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगले लिहावेत, हे मला ठाऊक आहे. तेव्हा ते आधीच लिहून टाकते. दोडप्पा निर्व्यसनी होते. पहाटे उठून पूजा केल्याशिवाय ते चहाला शिवत नसत. अव्वा, म्हणजे माझी आई, विषमज्वराने आजारी पडली तेव्हा दवाखान्यातल्या लाकडी बाकावर ते रोज येऊन बसत. हे सगळं खरं आहे. आणि पुढे जे लिहिते आहे तेही खरं आहे.

सोलापुरात साखर पेठेत आमची पेढी. चादरी आणि टॉवेल विणकरांकडून करून घ्यायचे आणि मुंबईच्या निर्यातदारांना पुरवायचे, हा धंदा. दोडप्पा आणि माझे वडील, ज्यांना मी अप्पा म्हणते, दोघं भागीदार होते. निदान कागदावर तरी. बहात्तरच्या दुष्काळानंतर धंदा पुन्हा उभा राहिला, आणि तार करून उत्तराची वाट बघत बसण्यापेक्षा टेलेक्स घ्यावा असं दोडप्पांनी ठरवलं. मशीन आलं तेव्हा शेजारच्या पेढ्यांतले लोक बघायला जमले होते. ते जोडायला आलेला मेकॅनिक चष्मा कपाळावर चढवून जमिनीवरच बसला. मशीनच्या आत दात्यांचा एक छोटा पितळी रूळ असतो. त्याचे ठराविक दाते चिमट्याने तोडले की त्या पेढीची खूण कायमची पक्की होते. समोरच्याने नंबर फिरवला की आपलं मशीन आपोआप ती खूण छापतं, म्हणजे योग्य ठिकाणी लागलं हे त्याला कळतं. मेकॅनिकने विचारलं, “नाव काय टाकायचं?” अप्पांनी पेढीचं नाव सुचवलं, आजोबांच्या नावाची पेढी होती ती. दोडप्पा म्हणाले, “तुमी माझं टाका. मुंबईवाल्यांला मानूस कळायला पायजे, पाटी न्हाय.” मेकॅनिकने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी मान डोलावली. कडकड करत दाते तुटले, आणि पेढीवर कोणाची सत्ता आहे हे त्या दिवसापासून मुंबईलाही कळायला लागलं.

मी तेव्हा इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास होऊन घरी बसले होते. बाहेरचा ऑपरेटर ठेवायचा तर तो भाव इकडे तिकडे फोडेल, म्हणून घरची पोरगी बरी, असा विचार झाला. प्लायवूड आणि काचेची एक केबिन उभी केली, तिला कुलूप लावलं, आणि किल्ली दोडप्पांनी स्वतःकडे ठेवली. सकाळी ते कुलूप काढणार, मी आत जाणार, ते माझ्या खुर्चीमागे उभे राहणार. टेलेक्सवर जितका वेळ जातो तितकं बिल येतं, म्हणून बोलणं तुटक असतं, हे मला मान्य होतं. पण दोडप्पांचा तुटकपणा बिलासाठी नव्हता. एकदा मी संदेशाच्या आधी ‘प्लीज’ घातलं, तर त्यांनी वरून बोट आपटलं. “कशाला लावतीस हे? आपण माल देतो की. भीक न्हाय मागत.” चूक झाली की कन्नडमध्ये खेकसायचे, “सुम्न कूड!” म्हणजे गप्प बस. आणि मी तर बोललेलेच नसायचे, माझी नुसती बोटं चालायची.

आलेला कागद मी फाडायचा नाही, असा नियम होता. तो ते स्वतः फाडत आणि घडी घालून अंगरख्याच्या खिशात टाकत. त्यातलं कोणाला किती सांगायचं हे ते ठरवत. एकदा नरसय्या नावाचा आमचा तेलुगू विणकर दारात येऊन उभा राहिला. त्याने टॉवेलांचा मोठा गठ्ठा विणून ठेवला होता आणि मुंबईहून होकार येतो का याची तो वाट बघत होता. होकार सकाळीच आला होता. मीच तो उमटताना पाहिला होता. दोडप्पा त्याला म्हणाले, “अजून काय न्हाय आलं रे. त्यांचं मन न्हाय दिसत. भाव उतरीव, मग बघू.” नरसय्याने काचेतून माझ्याकडे पाहिलं. दोडप्पाही माझ्याकडेच बघत होते. नरसय्या भाव उतरवून गेला. तो गेल्यावर दोडप्पांनी दोन चहा मागवले, एक माझ्यासाठी. तो मी प्यायले नाही, तेवढाच काय तो माझा बाणेदारपणा.

त्या केबिनमध्ये मला जे काही सुख मिळालं ते डिसूझाबाईंमुळे. मुंबईच्या ज्या निर्यातदाराला आमचा जास्तीत जास्त माल जाई, त्यांच्या टेलेक्सवर या बाई होत्या. त्यांना मी कधी पाहिलं नाही, त्यांचा आवाजही ऐकला नाही. काम संपलं की त्या एखादी ओळ जास्तीची टाइप करायच्या. पहिल्यांदा लिहिलं ते असं... मुली, लाइन लावून विचार करत बसू नकोस, आधी सगळा मजकूर कागदी पट्टीवर भोकं पाडून तयार ठेव, चुका तिथेच दुरुस्त कर, मग नंबर फिरव आणि पट्टी सोडून दे. मी तसं केलं आणि पुढच्या खेपेला माझा संदेश एका दमात सरसर निघून गेला. खाली त्यांनी लिहिलं, शाब्बास. मग त्यांनी मशीनची घंटी वाजवायची कळ शिकवली, नेहमीच्या शब्दांची छोटी रूपं शिकवली, आणि कागदाचा रोल अडकला तर काय करायचं तेही. दोडप्पा जेवायला घरी गेले की आम्ही चार ओळी बोलायचो. सोलापूरला ऊन किती, तुमच्याकडे समुद्र दिसतो का, एवढंच. त्या बाईंनी मला कधी ‘गप्प बस’ म्हटलं नाही.

आणि मग एके दिवशी ते थांबलं. मी अव्वाला घेऊन अक्कलकोटला गेले होते. दुसऱ्या दिवशी कामावर आले, संदेश पाठवला, शेवटी नेहमीसारखा नमस्कार घातला. तिकडून फक्त पोच आली. मी विचारलं, तब्येत बरी आहे ना? लाइन तुटली. त्यानंतर वर्षभर डिसूझाबाईंनी कामापलीकडे माझ्याशी बोलणंच टाकलं. माझं काय चुकलं हे मी रोज शोधायचे, जुन्या ओळी मनात उलट्यासुलट्या करून बघायचे... आणि दोडप्पा मागे उभे असायचे. त्यांना सगळं ठाऊक होतं.

उलगडा झाला तो जोशी नावाच्या गृहस्थांकडून. त्याच निर्यातदाराचे ते माल तपासणारे. टॉवेल बघायला सोलापूरला आले होते. केबिनपाशी थांबून म्हणाले, “तुम्हीच का त्या सुवर्णाबाई? नोकरी नको तर नको म्हणायचं हो, पण आमच्या डिसूझाबाईंना एवढं तोडून कशाला लिहायचं?” मला काही कळेना. त्यांनीच मग सांगितलं. डिसूझाबाई निवृत्तीला आल्या होत्या. आपल्या हाताखाली आणि पुढे आपल्या जागेवर ही मुलगी घ्या, असं त्यांनी साहेबांना गळ घालून पटवलं होतं. मुलींच्या वसतिगृहात जागासुद्धा बघून ठेवली होती. मी अक्कलकोटला होते त्या दिवशी टेलेक्सवर मला विचारलं, तर तासाभरात माझ्या नावाने उत्तर गेलं... मी घरंदाज मुलगी आहे, असल्या गोष्टी मला विचारत जाऊ नका, तुमच्या गप्पांचा मला त्रास होतो. “स्पेलिंगं सगळी चुकलेली होती,” जोशी म्हणाले, “बाई म्हणाल्या, पोरीने रागाच्या भरात लिहिलंय.” त्यांना माझं स्पेलिंग चुकत नाही हे माहीत होतं, आणि तरीही त्यांनी राग खरा धरला. आणि मला ते जोशींच्या तोंडून कळायला वर्ष जावं लागलं.

मी सरळ गादीपाशी गेले. अप्पाही तिथेच बसले होते. “दोडप्पा, मुंबईला माझ्या नावाने उत्तर तुम्ही पाठवलं?” मला वाटलं होतं, नाही म्हणतील, चिडतील. त्यांनी सुपारी कातरणंसुद्धा थांबवलं नाही. “व्हय, मीच पाठिवलं. एका बोटानं लई वेळ लागला.” मी म्हटलं, “घरंदाजपणाची एवढी काळजी होती, तर मला विचारायचं तरी.” तेव्हा ते हसले. “घरंदाजपणा कुटला? ते लिवायला बरं असतंय. तू गेलीस तर हितं मशीन कोन चालवनार? बाहेरचा ठेवू व्हय?” मी अप्पांकडे वळले. माझे वडील, पेढीचे भागीदार. ते गालिच्याकडे बघत म्हणाले, “सुवर्णा, जोशीसाहेबांना चहा सांग.”

चहा मी सांगितला नाही. केबिनमध्ये गेले, आतून कडी लावली आणि मुंबईचा नंबर फिरवला. भरदुपार होती, सगळी पेढी काचेबाहेर गोळा झाली. दोडप्पा दार बडवत होते, प्लायवूड हलत होतं, “उघड, बिल कोन भरनार” म्हणून ओरडत होते. पट्टी तयार न करता मी सरळ टाइप करत गेले. डिसूझाबाई, ते उत्तर माझं नव्हतं. मला यायचं होतं. मला आजही यायचं आहे. मी थांबले. मशीन नुसतं घुमत राहिलं, आणि मग उत्तर उमटलं... बाई परवाच निवृत्त होऊन गावी गेल्या, मी नवीन ऑपरेटर, आपण कोण? मी पत्ता मागितला. माझ्याकडे नाही, असं आलं. ऑफिसात विचारून सांगते, असंही आलं, आणि तसं कधीच कोणी सांगितलं नाही. मी दार उघडलं तेव्हा दोडप्पांनी हात उगारला होता. जोशी उभे होते म्हणून त्यांनी तो मागे घेतला.

त्याच आठवड्यात अव्वाने माझी ट्रंक स्वतः भरली. अप्पांना तिने काही विचारलं नाही. स्टेशनवर मला गाडीत बसवताना एवढंच म्हणाली, “परत यायचं झालं तर माझ्याकडं ये. पेढीवर जाऊ नको.” मुंबईत मावशीकडे राहून मी नोकरी शोधली. डिसूझाबाईंची ती जागा त्याआधीच भरली होती. मला मिळाली ती एका लहान ऑफिसातली, वसतिगृहही नाही, शिकवायला कोणी नाही. डिसूझाबाईंचा पत्ता मी त्यांच्या जुन्या ऑफिसात जाऊन विचारला. एकाने मडगाव सांगितलं, दुसऱ्याने म्हापसा. दोन्हीकडे मी पत्रं टाकली आणि दोन्ही परत आली. ते उत्तर माझं नव्हतं, हे त्या बाईंना अजून माहीत नाही.

दोडप्पांना मी शेवटचं पाहिलं ते मल्लिनाथच्या लग्नात. ते बरेच वाळले होते, पण आवाज तसाच. अक्कलकोटच्या कोणा व्यापाऱ्याला माझी ओळख करून देत म्हणाले, “आमची पुतणी. मुंबईला टेलेक्सवर असती. मीच शिकिवली.” मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, “तुम्ही नाही, डिसूझाबाईंनी शिकवलं.” त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, खरोखर आठवायचा प्रयत्न केला, आणि विचारलं, “कोन डिसूझा?” ते सोंग नव्हतं. त्यांच्या लेखी ती गोष्ट घडलीच नव्हती. मला त्या दुपारपेक्षाही हे जास्त लागलं. माणसाने वैर केलं तर निदान लक्षात तरी ठेवावं.

आता माझ्या हाताखाली लीला नावाची एक मुलगी आहे. सोलापूरहून परतले त्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या नागपूरच्या शाखेत तिचा भाऊ आहे. कामाचा संदेश संपला आणि त्याखाली तिच्या नावाने काहीतरी उमटायला लागलं. मी उठले आणि बाहेर व्हरांड्यात गेले. कोणासाठी खासगी काही आलं की मी असं करते. मुलींना वाटतं, बाई पाणी प्यायला गेल्या. कठड्याला टेकून मी आत मशीन थांबायची वाट बघते, मग कागद फाटल्याचा आवाज येतो, तोही त्या मुलीच्या हातून, आणि मगच मी आत जाते. त्या दिवशी जरा वेळ लागला. लीला दारात येऊन म्हणाली, “बाई, झालं माझं वाचून. तुम्ही बाहेर का उभ्या राहता? तुम्ही वाचलं तरी चालेल मला.” मी तिला म्हटलं, “मला चालत नाही.” ती आत गेली. मी तिथेच आणखी थोडा वेळ उभी राहिले... दुसऱ्याचा कागद खिशात घालणारे दोडप्पा मला आठवतात ते तिथे; जगात त्यांच्यासाठी मी राखलेली जागा म्हणजे तो व्हरांडा. बाकी कुठे मी त्यांना आत घेतलेलं नाही.